विसर्जनाआधीचा सवाल

सातासमुद्रापार उसाच्या बेटावर, रिव्हिएर दू रांपार गावच्या मराठी वस्तीत गणपती नदीवर नेण्याआधी ढोलकीवर जाखडीच्या गाण्यातला एक सवाल-जवाब होई. देव नाही असं एकानं गायचं, आहे असं दुसऱ्यानं. जवाब मिळाल्याशिवाय मूर्ती उचलायची नाही, हा पणजोबांपासूनचा दंडक. 'आहे'ची बाजू वीस वर्षं जयदेवकडे होती. उसाच्या मळ्यात मजुरांवर ओरडून घसा बसलेला हा मुकादम देवाची वकिली मात्र फुकट करी. 'नाही'ची बाजू केस कापणाऱ्या देवराजकडे. देवराज तसा भाविकच. पण कुणीतरी हरायला हवं ना!

जयदेवचं हुकमी प्रमाण एकच: घडा दिसतो म्हणजे कुंभार आहे, जग दिसतं म्हणजे देव आहे. देवराज विचारी, "मग कुंभाराला कुणी घडवलं?" जयदेव गाई, "त्याचा बाप शोधशील, तर शोधतच बसशील!" लोक माना डोलवत, मूर्ती उठे.

साठ सालच्या सिक्लोनात, म्हणजे चक्रीवादळात, जयदेवच्या घराची भिंत पडली आणि तिच्याखाली त्याची बायको अनुसया गेली. गणपतीत वस्तीतला तरुण यशपाल बोलवायला आला, तेव्हा जयदेव म्हणाला, "दुसरा बघा. मी दमलोय."

"दुसऱ्या कुणाला येतंय, काका?"

खरंच कुणाला येत नव्हतं. जयदेव गेला.

देवराजनं नेहमीचाच कुंभाराचा सवाल टाकला. जयदेवनं ढोलकीवर हात ठेवून ती थांबवली.

"दया करतोस होय रे? वस्ती सहा महिने कुजबुजतेय, तो सवाल विचार."

"मी नाही विचारणार," देवराज म्हणाला. मग जयदेवनं स्वतःच गायलं, "कुंभार भला, तर घडा फुटतो कसा? फोडायचाच होता, तर घडवलास कशाला?"

कुणी मान डोलवली नाही. प्रसादाला मुंग्या लागल्या. त्यांना वादाशी देणंघेणं नव्हतं.

"जवाब दे, जयदेव," म्हातारे तुलसीरामनाना म्हणाले. "ऊन उतरतंय."

"नाही माझ्याकडे. मूर्ती राहू दे इथंच."

"अरे," देवराज एकदम बोलला, गाण्याचं सोडूनच, "ओट्यावर बसून रोज शिव्या देतोस, त्या कुणाला? कुणी नसताच, तर भांडतोस कुणाशी?"

"पायाला ठेच लागली की दगडालाही देतो. तो काय देव झाला?"

"दगडाला 'का केलंस' म्हणून विचारतोस?"

देवराजचं प्रमाण लंगडं होतं, हे जयदेवला कळत होतं. दुखणाऱ्या माणसाची हाक ऐकायला पलीकडे कुणी असतंच, असं थोडंच आहे? पूर्वीचा जयदेव असता तर त्यानं देवाची बाजू सोडून आधी हे प्रमाण सोलून काढलं असतं. आज तेवढं त्राण नव्हतं.

"तुझा जवाब चालत नाही," तो म्हणाला. "पण मला दुसरा सुचत नाही. उचला."

"मग हरला कोण?" नानांनी विचारलं.

जयदेवनं मूर्तीच्या पाटाखाली हात घातला होता. "नाना, आधी उचला. जड आहे."