दुसऱ्या वर्गात शेवटचे

सामना सुरू होण्याआधी शेठ हातात काठी घेऊन निशाणाच्या फळीमागे जायचे आणि फळीवर तीनदा टकटक करायचे. "कोण हाय का आत? निघा बाबांनो, आमचं काम सुरू व्हतंय." ही सूचना पाली, कोळी आणि मुंग्यांसाठी असायची. एखादी पाल खरंच निघाली, तर ती भिंतीवरून पलीकडे जाईपर्यंत पंचवीस-तीस माणसं बंदुका खाली ठेवून उभी राहायची. कुणी हसलं तर शेठ रागवायचे नाहीत, पण पाल गेल्याशिवाय शिट्टीही वाजवायचे नाहीत.

मंचरच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. तीन पिढ्यांपूर्वी घराणं राजस्थानातून आलेलं, जैन. मुंगी वाचवून पाय टाकणाऱ्या माणसाने छऱ्याच्या बंदुकीचे सामने का भरवावेत, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. विचारलं तर म्हणाले, "सर, या भागात घरटी एक छऱ्याची बंदूक हाय. द्राक्षाच्या बागेत पाखरावर चालवण्यापरीस कागदावर चालवली तर कुणाचं काय जातंय?" एका आडत्याची कांद्याची वखार रिकामी असली की तिथे दहा मीटरवर फळी उभी राहायची. वखारीत वर्षभर कांद्याचा वास. आमच्या सामन्यांना येणाऱ्यांचे डोळे आधीच थोडे पाणावलेले असत, आणि नेम चुकला की प्रत्येक जण खापर त्या वासावर फोडायचा.

मी हायस्कूलला चित्रकला शिकवायचो. वर्तुळं नीट काढतो म्हणून शेठनी मला आधी निशाणाचे कागद काढायला धरलं आणि मग गुण मोजायला बसवलं. वीस छर्रे, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा गुण. भोक दोन वर्तुळांच्या रेघेवर आलं, तर त्यात एक पितळी खुंटी घालून बघायची. खुंटीची कड रेघेला लागली की वरचा गुण. ती खुंटी शेठनी स्वतः लेथवर बनवून घेतली होती आणि कुंकवाच्या डबीत ठेवली होती.

पण शेठचं खरं काम म्हणजे वर्ग लावणं. पहिल्याच वर्षी लष्करातून निवृत्त झालेल्या दोघांनी सगळी बक्षिसं नेली आणि पुढच्या सामन्याला निम्मी माणसं आलीच नाहीत. तेव्हा शेठनी तीन वर्ग पाडले. एकशे पन्नासच्या खाली तिसरा, तिथून एकशे पंच्याहत्तरच्या आत दुसरा, त्यावर पहिला. प्रत्येकाच्या मागच्या तीन सामन्यांची सरासरी काढायची आणि ज्याला त्याला त्याच्या जागी बसवायचं. "वर्ग लावला की भांडण मिटतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. भांडणं काही मिटली नाहीत, फक्त ती आता वर्गावरून होऊ लागली.

त्याला कारण बक्षिसं. ती शेठच्या दुकानातून यायची आणि तिन्ही वर्गांना अगदी सारखी असायची. पहिल्या वर्गाला कुकर तर तिसऱ्यालाही तोच, त्याच लिटरचा. पहिल्या वर्गातल्या फौजींना हे फार लागायचं. शेठ म्हणायचे, "तिसऱ्या वर्गवाल्याच्या घरी काय डाळ कमी शिजते व्हय?" फौजी आपले कुकर उचलून चालू लागायचे.

या सारख्या बक्षिसांची नाडी ओळखली ती पिंपरी पेंढारच्या एका टोमॅटोवाल्याने. गडी नेमाचा पक्का. संक्रांतीच्या सामन्यात त्याने एकशे तीस मारले, पुढच्या दोन्हींत त्याहून कमी, आणि दसऱ्याला, जेव्हा बक्षीस मिक्सरचं होतं, तेव्हा तिसऱ्या वर्गातून बिनधास्त एकशे एकाहत्तर. मिक्सर बगलेत मारून तो शेठसमोर उभा राहिला. "नियमात बसतंय, शेठ."

"बसतंय," शेठ म्हणाले. "न्या. सुखाने चटणी वाटा."

आठवडाभर त्यांना चैन नव्हती. मग त्यांनी नवा नियम केला. ज्या दिवशी जो एकशे पन्नासला टेकेल, त्याचे गुण त्याच दिवशी दुसऱ्या वर्गात धरायचे. आणि वर चढलेला माणूस आपोआप खाली येणार नाही. उतरायचं तर त्याने स्वतः लेखी अर्ज करायचा. नियमाचा कागद वखारीच्या दारावर लागला, झालेल्या दसऱ्याच्या गुणांसकट लागू. टोमॅटोवाला तो वाचून नुसता मान हलवत राहिला. अर्ज लिहायची त्याला लाज वाटली असावी, कारण तो मुकाट्याने दुसऱ्या वर्गात बसला आणि पुढे मनापासून नेम धरू लागला.

आता राहिले स्वतः शेठ. तेही प्रत्येक सामन्यात उतरायचे, कायम तिसऱ्या वर्गात. नऊ वर्षांत त्यांना एकही बक्षीस मिळालं नव्हतं. छर्रा सुटायच्या क्षणी ते डोळे मिटून घ्यायचे. सगळ्यांनी सांगून पाहिलं, सवय जाईना. त्यामुळे त्यांची भोकं नेहमी डावीकडे खाली गोळा व्हायची. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, दुकानात भेटल्या की मला ऐकवायच्या, "सर, हितली भांडी आणे-नारायणगावपर्यंत गेली. आमच्या घरी बक्षिसाची वाटीसुदिक आली न्हाई." शेठ तेव्हा कानकोंडे होऊन ताटं मोजायचे. एक बक्षीस घरी न्यावं आणि भाभींच्या हातात ठेवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी ती मला एकदाच बोलून दाखवली, पण मी ती विसरलो नाही.

नवव्या वर्षाच्या दसऱ्याला त्यांचा सराव बरा चालला होता. बहुधा म्हणूनच त्यांनी भाभींना पहिल्यांदा सामन्याला आणलं आणि तिसऱ्या वर्गाचं बक्षीस त्यांच्याच हस्ते द्यायचं ठरवलं. बक्षीस होतं पाच लिटरचा कुकर.

निशाणाच्या कागदांवर नावं नसत, नुसते आकडे असत. तरी डावीकडे खाली गोळा झालेली भोकं पाहून शेठचा कागद मला लगेच कळला. मी मोजत गेलो. एकोणीस छऱ्यांचे एकशे एक्केचाळीस. शेवटचं भोक आठ आणि नऊच्या रेघेवर. तिसऱ्या वर्गात तोवर सगळ्यात वर एकशे शेहेचाळीस होते, आण्याहून एसटीने येणाऱ्या एका अंगणवाडी सेविकेचे. आठ धरले तर शेठचे एकशे एकोणपन्नास, कुकर त्यांचा. नऊ धरले तर एकशे पन्नास, म्हणजे त्यांच्याच नियमाने ते दुसऱ्या वर्गात, आणि तिथे शेवटचे.

खुंटी घातली. कड रेघेला लागत होती, केसाएवढी. मी आठ लिहिले. नोकरीत सगळी वर्षं एकाही पोराचा गुण मी वाढवला नव्हता की कमी केला नव्हता, आणि इथे कांद्याच्या वखारीत केला.

रेघेवर भोक आलेले, वादाचे कागद शेवटी शेठ स्वतः बघत. त्यांनी खुंटी घातली, चष्मा कपाळावर चढवला, कागद उजेडाकडे धरला.

"सर, रेघेला लागतंय की हे."

"अगदी बारीक आहे, शेठ."

"बारीक हाय, पण हाय."

कागद कुणाचा हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी माझा आठ खोडला, नऊ लिहिला आणि खाली सही केली. सही करताना हात थोडा थांबला होता, एवढं मी पाहिलं. मला मान वर करवेना.

भाभींनी कुकर अंगणवाडीच्या बाईंना दिला. त्या बाई फार खूश झाल्या आणि भाभींच्या पाया पडल्या. दुसऱ्या वर्गाची नावं वाचली गेली तेव्हा शेठ सगळ्यात शेवटी उभे राहिले. भाभींनी मला विचारलं, "वरच्या वर्गात गेले का हे?" मी हो म्हणालो. "मग नवव्या वर्षी पास झाले म्हणायचं," असं म्हणून त्या हसल्या. शेठही हसले. घरी जाताना दोघं रिकाम्या हातांनी गेले.

पुढच्या वर्षापासून शेठचा हात कापू लागला. एकशे वीस, एकशे पंधरा, कधी त्याहूनही कमी. मी अर्जाचा कागद घेऊन दुकानात गेलो. म्हटलं, फक्त सही करा, तिसऱ्यात पुन्हा संधी आहे. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "ऱ्हाऊ द्या, सर. तिथं शेवटचा हाय, पण खरं मारून गेलोय."

मागच्या दिवाळीनंतर ते गेले. दुकानात बसल्या बसल्या, फार त्रास न होता. मला त्यांची आठवण फार येते, हे सरळच सांगतो.

सामने चालू आहेत. वर्ग आता मी लावतो. लागोपाठ तीन सामन्यांना जो आला नाही त्याचं नाव यादीतून काढायचं, असा एक नियम दारावरच्या कागदात सगळ्यात खाली आहे. संक्रांत झाली, महाराष्ट्र दिन झाला. स्वातंत्र्य दिनाचा सामना गेल्या रविवारी उरकला, पाऊस असूनही गर्दी चांगली होती. सोमवारी मी दसऱ्याची यादी करून ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं की दुसऱ्या वर्गातलं शेवटचं नाव आता काढत आहे.

दहा मिनिटांत टोमॅटोवाल्याचा फोन आला. चष्मा लागल्यापासून त्याचेही गुण घसरले होते.

"सर, शेठचं नाव काढलं तर शेवटी मी येतोय."

"हो."

"ऱ्हाऊ द्या की त्यांचं. कुणाला काय अडतंय?"

"तीन सामने झाले. नियम आहे."

त्याच्या मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"शेठनीच केल्याला ना, हा नियम?"

"त्यांनीच."

"मंग काढा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.