पाचवीची हाक

बानूबाईला स्लॅबखाली झोप येत नसे. थोरल्या लेकानं, दादासाहेबानं, सणसरच्या शिवारात कॅनॉलच्या अलीकडं पक्कं घर बांधलं. वास्तुशांतीला तिनं पोटभर जेवण केलं, नव्या फरशीवरून हात फिरवला आणि दिवस मावळायच्या आत काठी उचलून कॅनॉलच्या पलीकडं माळावरच्या मेंढवाड्यात निघून गेली. काट्यांचं कुंपण, मधोमध पत्र्याचं शेड, एक बल्ब आणि साठ मेंढरं. भाऊबंदांनी कळप विकून ट्रॅक्टर घेतले, ऊस लावला. ही बाई काही हटली नाही.

तिची हाक पंचक्रोशीला ठाऊक होती. बानूबाईनं माळावर "हुर्रर्र, येऽऽ ये ये" म्हटलं की पार अंथुर्ण्याकडं तोंड करून चरणारं मेंढरूसुद्धा मान वळवी. ही हाक नुसती मेंढरांसाठी नव्हती. तिच्या घराण्याची रीत अशी, की मूल जन्मलं की पाचवी पुजायच्या आत घरातल्या थोरल्या बाईनं त्याच्या कानात ही हाक घालायची. हाक न ऐकलेलं पोर पुढं कळपातून चुकतं म्हणे. बानूबाईनं आजवर नऊ कानांत हाक घातली होती आणि नऊपैकी एकही चुकलं नाही, असं ती छातीवर हात ठेवून सांगे.

दहाव्याची मात्र तिला धास्ती लागली होती. धाकटी लेक म्हाळसा दिवाळीनंतर सासरच्या मेंढरांबरोबर घाट उतरून कोकणात गेली, ती पोटुशी असतानाच. पहिल्या खेपेला ती माहेरी होती. या खेपेला कळपामागं दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासूही हयात नव्हती, म्हणजे हाकेचा मान बानूबाईचाच. "आये, फोनवरनं घाल," म्हाळसा जाताना म्हणाली होती. बानूबाईनं तेव्हा तिला वेड्यात काढलं होतं.

फोन दादासाहेबाच्या घरी वर्षापूर्वीच आला होता. पण म्हाळसेचा मुक्काम आज इथं तर उद्या तिथं. वाटेत एसटीडीचं दुकान दिसलं तर ती फोन करणार, उलटा फोन कुठं करायचा? एकदा तसा आलाही. सून साखरबाईनं कॅनॉलच्या कडेला येऊन "आत्याऽऽ, फोन!" म्हणून बोंब ठोकली. बानूबाई कासोटा आवळून पळाली, पुलावरून गेली, धापा टाकत रिसीव्हर कानाला लावला, तर आत नुसतं गुणगुणणं. तिकडं कळप पुढं निघाला होता. ती उंबऱ्यात बसून रडली. दादासाहेबानं आईला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी बारामतीहून बिनतारी फोन आणला.

तो फोन पुलापर्यंत बोले आणि पुढं खरखरे. मग अंथुर्ण्याचे कुंडलिकराव आले. साखर कारखान्यात तीस वर्षं वायरमन, आता रिटायर. त्यांनी घरावरच्या टाकीशेजारी लोखंडी पाइप उभा केला, त्यावर एरियल बांधलं, वायर खाली फोनच्या डब्यापर्यंत आणली आणि हातातला फोन घेऊन चालू लागले. मागोमाग बानूबाई. पूल गेला, उसाचा फड गेला. मेंढवाड्याच्या फाटकापाशी त्यांनी फोन तिच्या कानाला लावला.

"आत्या, जेवला का?" साखरबाई बोलली.

बानूबाईनं फोन कानापासून काढला, उलटासुलटा करून पाहिला, बुडाशी हात लावून पाहिला.

"कुंडलिका, तार कुठाय रं?"

"तारच न्हाय, मावशी."

"मग ही हितवर आली कशी? मधी भिंत हाय, फड हाय, कॅनॉल हाय."

"समद्यातनं आली."

बानूबाई माळावर उभी राहून वर, चहूकडं, रिकाम्या उन्हात पाहत राहिली. "म्हंजी आत्ता हितं, ह्या हवंत, किती जणांचं बोलणं चाललंय रं? आन आपल्याला एकाचंबी ऐकू यिना!" कुंडलिकरावांनी आयुष्यभर तारा ओढल्या, पण हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता. तेही वर पाहू लागले. हातातला फोन त्या दिवसापासून मेंढवाड्यातच राहिला.

जानेवारी लागला. एका सकाळी साखरबाई धावत आली. "आत्या, म्हाळसावन्संचा फोन आलता! पोरगी झाली, आज तिसरा दिस. दोगी बऱ्या हायत. तुमी का उचलला न्हाय? मी घरातला उचलला शेवटी."

"वाजलाच न्हाय गं," बानूबाई म्हणाली.

म्हाळसा पुन्हा करणार होती, पण कधी, कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं. चौथा दिवस बानूबाईनं दादासाहेबाच्या घरात फोनसमोर बसून काढला. पाण्याचा घोट घ्यायलाही उठली नाही. फोन आला तो ट्रॅक्टरच्या कामाचा. पाचव्या दिवशी उजाडताच एक मेंढी अडली. अडलेली मेंढी टाकून जाणं तिच्या रक्तात नव्हतं. ती मेंढवाड्यात थांबली आणि फोन का वाजत नाही ते बघायला दादासाहेब कुंडलिकरावांना आणायला गेला.

"फोन कुठाय, मावशी?" कुंडलिकरावांनी आल्या आल्या विचारलं.

बानूबाईनं कमरेची किल्ली काढली आणि शेडातली पत्र्याची पेटी उघडली. आत देवाचे टाक, मण्यांची पोत आणि त्यावर भंडारा लावलेला, फडक्यात गुंडाळलेला फोन. रातभर चार्जिंग करायचं, दिवसा पेटीत ठेवायचं, असा तिचा नेम. उघड्या माळावर जन्म काढलेल्या बाईचं घर म्हणजे ती पेटी. ज्याला जीव लावावा ते तिथंच ठेवायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

कुंडलिकरावांना हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून ते गिळलं. "पत्र्यातनं आवाज येत न्हाय, मावशी. वर शेडाचा पत्रा, खाली पेटीचा."

"भिंतीतनं येतो आन एवढ्याशा पत्र्यातनं न्हाय?"

"न्हाय. त्याला उघडं लागतं."

"माझ्यावानीच हाय म्हणायचा," बानूबाई म्हणाली आणि पुन्हा मेंढीकडं वळली. कुंडलिकरावांनी फोन पिशवीत घालून फाटकाच्या बाभळी खांबाला, उघड्यावर टांगला आणि तिथंच दगडावर बसले.

सूर्य डोक्यावर आला. कोकरू सुटलं, मेंढीनं ते चाटायला घेतलं, आणि खांबावरचा फोन वाजला.

बानूबाई शेडातून फाटकाकडं धावली, पण तिचे हात कोपरापर्यंत भरलेले. कुंडलिकरावांनी बटण दाबून फोन तिच्या कानाला धरला.

"आये? आये, तू हायस का?"

"हाय गं माझे बाय! पोरीच्या कानाला लाव. लौकर लाव."

तिकडं पोर टाहो फोडून रडत होती. ते रडणं घाट चढून, उसावरून, कॅनॉलवरून तिच्या कानात आलं. बानूबाईनं कोकणाकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि पोटातून हाक दिली.

"हुर्रर्र, येऽऽ ये ये!"

कुंडलिकराव दचकले, पण फोन त्यांनी सोडला नाही. हाक विरली. फोनमधलं रडणंही थांबलं होतं.

"आये," म्हाळसा हळूच म्हणाली, "गप झाली गं. डोळं उघडून बघतीया, कोण बोलावतंय म्हणून."

बानूबाईनं डोळे उघडले तेव्हा शेडातली सारी मेंढरं बाहेर येऊन तिच्याभोवती दाटली होती, मागून नुकती व्यालेली मेंढी, आणि तिच्यामागं धडपडत येणारं ओलं कोकरू. हाक आपल्यालाच आहे, असं त्यांना वाटलं होतं. तिनं एकालाही माघारी हाकललं नाही.