रेणूबाई सोन्यावरच बसतात

काय सांगू बाबांनो, या वयात पुण्याला जाऊन मी माझं हसं करून आलो! आधी चहा संपवा, नाहीतर हसताना सांडेल.

माझी नात सुजाता पुण्यात संशोधन करते. धातूवर काहीतरी बारीक ठेवते आणि बघत बसते, एवढंच मला कळलेलं. एका दुपारी तिचा फोन आला.

"आबा, जुळलं! तीन वर्षांनी जुळलं!"

आमच्या तलवाड्यात 'जुळलं' म्हणजे दुसरं काय असतं, सांगा! मी हळूच विचारलं, "कुणी... जुळवलं गं?"

"कुणीच न्हाई, आपोआप! पण रेणू लई नखरेल हायेत. तांब्यावर नीट बसतच न्हाईत, सोन्यावरच बसतात. तेबी चोख लागतं! अन् जरा गरम झालं की हात सोडून देतात!"

मी एक शब्द काढेपर्यंत पोरीचे वीस होतात. 'रेणू कोण' विचारायच्या आत फोन बंद.

'बसतात', 'देतात' असं मानानं बोलते, म्हणजे नक्की नवऱ्या पोराची आई! तांब्याच्या भांड्यांवर भागत नाही, सोनं पाहिजे, आणि डोकं गरम झालं की मोडून मोकळी!

आमच्या घरात हुंडा कुणी घेतला नाही, दिला नाही. पण पोर किती खूश होती! तिचं मोडलं तर? माझ्या बायकोच्या माघारी तिची बोरमाळ पेटीत होती. सुनेला न सांगता ती खिशात घातली आणि गेवराईहून एसटी धरली.

प्रयोगशाळेत सुजाताशेजारी करड्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. म्हटलं, ह्याच त्या!

"आबा, तुमी? कावून आलात?" सुजाता विचारतेय, तोवर मी बाईंच्या पुढ्यात बोरमाळ ठेवली.

"जय भीम, रेणूबाई. हे तिच्या आजीचं सोनं. यावर बसा. पण पोरीला शिकू द्या. अन् डोकं गरम झालं तरी तिचा हात सोडू नका."

सुजाता आधी पांढरी पडली, मग हसत खालीच बसली.

"आबा, ह्या माझ्या मॅडम हायेत! रेणू म्हणजे पदार्थाचा बारीक कण!"

हसता हसता ती रडायला कधी लागली, कळलंच नाही. "आजीची बोरमाळ आणलीत? येडे आबा!"

मॅडमनी मला खुर्ची दिली आणि पडद्यावर चित्र दाखवलं. सोन्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी!

"बाबा, तांब्याला हे रेणू चिकटून बसतात. सोन्यावर मात्र सरकत सरकत एकमेकांना शोधतात आणि हात धरतात. त्याला हायड्रोजन बंध म्हणायचं. तो कच्चा असतो, म्हणून तर चुकीचा हात सोडून बरोबर धरता येतो."

आणि बोरमाळ त्यांनी स्वतः माझ्या खिशात घातली.

तर बघा, एवढं सगळं मला नीट समजलं. मागच्या आठवड्यात प्रयोग फसला, तेव्हा सुजाताचा फोन आला, "आबा, विहीणबाई रुसल्या."

मी लगेच विचारलं, "मानपानात काय कमी पडलं का गं?"

सुनेनं त्याच मिनिटाला पेटीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली.