अण्णाच्या घरात रेंज का येत नव्हती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या घरात वायफायची रेंज येईनाशी झाली, ती मी घालवली होती. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन, माझ्या हातानं, पुतणीची परीक्षा तोंडावर आलेली असताना.

आमचं गाव कर्नाटकात, बिदर जिल्ह्यातल्या मुडबीच्या अलीकडं. वडिलांच्या माघारी घराचे दोन भाग झाले, भांडण न होता झाले. डावीकडचा भाग अण्णाचा. तो शेती बघतो, त्यानं जुनी दगडी भिंत आणि वरचे पत्रे तसेच ठेवले. उजवीकडचा माझा. मी हायस्कूलला गणित शिकवतो; पगारावर कर्ज काढून माझ्या भागावर स्लॅब टाकला. मधली भिंत दोघांची. दोन हात रुंद दगडाची, तिच्यात माणूस झोपेल एवढे कोनाडे. त्या भिंतीच्या अंगानं माझ्या मधल्या खोलीत मी राऊटर बसवला, तेव्हा गावात फायबरची वायर नुकतीच आली होती. सिमकार्डाला आमच्याकडं कधी धड रेंज नव्हती. बोलायचं तर लोक टाकीच्या चौथऱ्यावर जाऊन उभे राहायचे.

पासवर्ड मी पहिल्याच दिवशी अण्णाच्या घरी दिला होता. हे लिहून ठेवतो, कारण मी तेव्हा तसा माणूस होतो हे मला स्वतःलाच कधीकधी खरं वाटत नाही. भिंत ओलांडून त्यांच्या मधल्या खोलीत रेंजच्या दोन काड्या यायच्या. पुतणीला तेवढ्या पुरायच्या.

ती आणि माझी मुलगी एका वयाच्या. माझ्या मुलीला मी तालुक्याला इंग्रजी शाळेत घातलं, पुतणी गावातल्या मराठी शाळेत शिकली. आमच्या भागात मराठी शाळेतून दहावी झालेल्या पोरांची पुढं काय गत होते ते इथल्या लोकांना सांगायला नको. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, पुस्तकं इंग्रजीत, सर समजावणार कन्नडात, आणि पोर घरी येऊन विचार करणार मराठीत. पुतणीला बाजारातलं, शेजारपाजारचं कन्नड चांगलं येत होतं. पण भौतिकशास्त्राचं कन्नड वेगळं. तिनं वाट काढली. तिकडं महाराष्ट्रातले मास्तर मराठीतून शिकवतात, त्यांचे व्हिडिओ ती कानाला लावून बसायची. एकदा मी पलीकडं गेलो तर भिंतीच्या कोनाड्यात मोबाईल उभा करून ती मांडी घालून लिहीत होती. म्हणाली, "काका, ह्या कोनाड्यातच नीट येतंय बघा. जरा हिकडं सरकलं की चक्री फिरायलीय." तिला नर्सिंगला जायचं होतं. कलबुर्गीला सरकारी जागा मिळाली तरच जाता येणार होतं, आणि ती मिळायची तर प्रवेश परीक्षेत वरचा नंबर लागायला हवा होता.

माझ्या मुलीलाही तीच परीक्षा द्यायची होती.

दोघी पीयूसीला एकाच कॉलेजात होत्या. तिथं चाचणी झाली, मार्क कळले. पुतणी खूप पुढं होती. जेवताना बायको मला काही म्हणाली नाही, भाकरीला म्हणाल्यासारखं म्हणाली, "आपलंच वायफाय, आन् आपलीच पोरगी मागं. चांगलं चाललंय." मुलगी ताटावरून उठून गेली. ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. मी मास्तर. गावातल्या निम्म्या पोरांना त्रैराशिक मी शिकवलं, आणि माझ्याच घरात हे.

त्याच आठवड्यात मुलगी म्हणाली की व्हिडिओ अडकतोय. नेट कुणीकडं जातंय ते बघावं म्हणून मी मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं. तिथं एक ओळ दिसली, ट्रान्समिट पॉवर. समोर तीन पर्याय: हाय, मीडियम, लो. वाचून कळलं की सिग्नल किती लांब फेकायचा ते इथून ठरतं. मी 'लो' केलं. मग अण्णाकडं साखर मागायच्या निमित्तानं गेलो आणि खिशातल्या मोबाईलवर बघितलं. एकही काडी नव्हती. माझ्या घरात सगळ्या होत्या.

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. मुलीच्या नेटवरचा ताण कमी होईल, थोडे दिवस ठेवू, मग परत करू. मुलीचा व्हिडिओ त्यानं अजिबात सुधारला नाही. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तरी मी परत केलं नाही.

पुढं जे झालं त्यात मी सगळ्यांच्या बरोबर होतो. पुतणी आली, "काका, रेंजच येईना झालीय, कामून?" मी तिच्यासोबत भिंत बघायला गेलो. वहिनी आल्या. अण्णा शेतातून आला तो तसाच, पायाला माती, भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, बैल अडल्यावर राहतो तसा.

"भिंत तर तीच हाय की रे. काल येत होती, आज कामून न्हाई?"

"मशीन वर लावून बघू," मी म्हणालो. राऊटर माळ्यावर ठेवला. त्याच्या अँटेना उभ्या केल्या, आडव्या केल्या. पुतणी पलीकडून ओरडायची, "न्हाई काका! ... न्हाई! ... आता बी न्हाई!" वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्याला दृष्ट लागली का बघा. तुमचं मशीन लई गोरं हाय." सगळे हसले, मीही हसलो.

मग अण्णानं मला विचारलं, "तू मास्तर हायस. कशानं अडत असंल?"

भिंतीच्या त्यांच्या बाजूला तुरीच्या कोठ्या होत्या. पत्र्याच्या, छातीएवढ्या उंच, नुकत्याच भरलेल्या. आमच्याकडं रास झाली की बियाण्याची आणि घरी खायची तूर मधल्या खोलीत, भिंतीला लावून ठेवतात. तिथं ओल येत नाही. दरवर्षी त्या तिथंच असत. मी कोठ्यांकडं बघितलं आणि वर्गात सांगतो तशा आवाजात सांगितलं, "लोखंड, पत्रा ह्या वस्तू सिग्नल अडवतात. भरलेली कोठी म्हणजे तर भिंतच."

हे खोटं नव्हतं. पत्र्यानं सिग्नल अडतोच. म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

अण्णानं कोठ्या हलवायला घेतल्या. भरलेली कोठी सरकत नाही. आधी तूर पोत्यात काढायची, रिकामी कोठी उचलायची, पुन्हा भरायची. मी एका बाजूनं धरलं. मागं जनावरांच्या पत्र्याखाली नेऊन ठेवल्या. वहिनींनी आपली भांड्यांची मांडणीसुद्धा भिंतीवरून उतरवली. सगळं झाल्यावर पुतणी कोनाड्यात मोबाईल ठेवून खाली वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "न्हाई ओ अप्पा." बापाची समजूत काढायला लगेच म्हणाली, "पण पयल्यापेक्षा बरं वाटायलंय."

पुढं वळीव झाला. पत्र्याखाली पाणी शिरलं, तळाची तूर भिजली, बियाणं गेलं. अण्णा मला म्हणाला, "जाऊ दे. पोरीपेक्षा तूर मोठी हाय व्हय?"

पुतणीनं स्वतः शोधून आणलं की एक्स्टेंडर म्हणून मिळतं, मधे लावायचं, रेंज पुढं जाते. मी म्हणालो, "अगं, जिथं मुळात रेंजच पोचत नाही तिथं ते काय वाढवणार?" अण्णा म्हणाला, "लांब वायर ओढून मशीनच आमच्या बाजूला आणून ठेवू." मी म्हणालो, फायबरची वायर नाजूक असते, वाकवली की आत तुटते. प्रत्येक वेळी मी जे बोललो ते कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं व्हय म्हटलं असतं.

ती आमच्या घरात येऊन बसू लागली. चार-पाच दिवस बसली असेल. बायको तिच्यादेखत मुलीला म्हणाली, "तुला अभ्यासाला जागा पुरंना झाली का गं?" ती समजली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. आमच्या खिडकीतून रस्त्याकडच्या कट्ट्यावर सिग्नल बाहेर पडत होता, ते तिनं हुडकून काढलं. संध्याकाळी घरचं काम उरकून ती त्या कट्ट्यावर येऊन बसू लागली. कानात वायर, मांडीवर वही, तोंड भिंतीकडं. रस्त्यापलीकडं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. तिथं पोरं उभी असतात, तशी पुतणी यायच्या आधीपासूनच उभी असत.

खिडकीच्या आत खुर्चीत बसून मी पेपर तपासायचो. तिच्या वहीवर ती कुठली आकृती काढतेय ते मला दिसायचं. हृदयाची एक आकृती ती पुन्हा पुन्हा काढायची, झडपा चुकायच्या, परत खोडायची. माझा मोबाईल टेबलावरच असायचा. ती ओळ उघडून 'हाय' करायला मला पाणी पिण्याएवढाही वेळ लागला नसता.

गावात बोलणं सुरू झालं. तरणी पोर रोज संध्याकाळी रस्त्यावर, मोबाईल कानाला, समोर गॅरेज. कुणीतरी अण्णाला बाजारात सांगितलं. अण्णा साधा माणूस. तो तिला काही बोलला नाही, आधी माझ्याकडं आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"तुझ्या खिडकीखाली बसती ती. तुला दिसतंय. खरंच अभ्यास करायली का? तू म्हण फकस्त. तू व्हय म्हटलास तर मी गावाचं तोंड बघून घेतो."

मला हे जमलं नाही. 'व्हय' म्हटलं असतं तर त्यानं पुढं विचारलं असतं, मग घरात का बसत नाही, तुझ्याकडं का बसत नाही, रेंजचं काहीतरी कर की. असं माझ्या डोक्यात सगळं भराभर आलं. मी म्हणालो, "वय तसं हाय अण्णा. लक्ष ठेव जरा."

एवढंच. त्यानं मान हलवली आणि गेला.

त्या रात्री पलीकडून आरडाओरडा आला नाही. तिचा मोबाईल अण्णानं काढून घेतला आणि कपाटात ठेवला. परीक्षेला महिना-दीड महिना उरला होता. ती पुस्तकं वाचत राहिली, इंग्रजीतली, जेवढी कळली तेवढी. नंबर लागला नाही. माझ्या मुलीचाही लागला नाही. ती नंतर साध्या बीएस्सीला गेली. परीक्षा झाल्यावर मी सेटिंग परत 'हाय' केलं. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "भावजी, आता येतंय की ओ! कशानं आलं?" मी म्हणालो, "कंपनीनं काहीतरी केलं असंल."

पुतणीनं बीएला नाव घातलं. दुसऱ्या वर्षात असताना उदगीरकडचं स्थळ आलं. अण्णानं घाई केली. घाईचं कारण तो कुणाला बोलला नाही. मला माहीत होतं. लग्नात मामाच्या जोडीला अंतरपाट धरायला मी होतो.

यंदा ती नागपंचमीला माहेरी आली, लहान मुलीला घेऊन. दोन्ही घरं अण्णाकडं जेवायला बसली होती, पुरणाची दिंडं केली होती. अण्णा आता वर दोन खोल्या काढतोय, तर राऊटर कुठं बसवावा, जिन्यात बसवला तर वर-खाली दोन्हीकडं येईल का, असं मला विचारत होता. मी सांगत होतो. पुतणी वाढत होती. हसून म्हणाली, "काकांना विचारा. माझ्या टायमाला काकांनी किती खटपट केली. कोठ्या उचलल्या, माळ्यावर चढले. दुसऱ्या कुणी केलं असतं व्हय?"

अण्णा ताटाकडं बघत म्हणाला, "खटपट करून काय. तुझं ध्यान कुठं होतं तवा."

ती थांबली. हातातलं तुपाचं भांडं तिनं दुसऱ्या हातात घेतलं. इतक्या वर्षांनी, स्वतःची मुलगी मांडीएवढी झाल्यावर, भरल्या पंगतीत तिला हे ऐकावं लागलं. "अभ्यासच करत होते मी अप्पा," असं ती म्हणाली, पण इतकं हळू की वहिनींना ऐकू गेलं नसेल. मला गेलं. ती माझ्याकडं बघत होती. खिडकीत मी बसायचो हे तिला माहीत आहे. काका बघत होते, काका सांगतील, असं तिला वाटलं असेल. मी पुढचं दिंड ताटात घेतलं आणि फोडलं.

ती तिसऱ्या दिवशी सासरी गेली. बसपर्यंत सोडायला मीच गेलो होतो. तिच्या मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

नेट तोडलं त्याची भरपाई आता माझ्या हातात नाही. नर्सिंगची जागा मी तिला देऊ शकत नाही, हे कळायला मास्तर असायला नको. पण एक गोष्ट अजून माझ्याकडंच आहे आणि ती दुसरं कुणी देऊ शकत नाही. तिच्या बापासमोर, ती तिथं बसलेली असताना, मला सांगायचं आहे की रेंज मी घालवली म्हणून ती कट्ट्यावर बसत होती, ती रोज अभ्यासच करत होती, आणि हे मी खिडकीतून रोज बघत होतो. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.