भिंगवाले अण्णा आणि माझे वाचक

फोन घेऊन आलेल्या माणसाला अण्णा आधी झापायचे आणि मग बसायला स्टूल द्यायचे. उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग सदा चिकटलेलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना भिंगवाले अण्णा म्हणायची. ‘पाण्यात पडला हो,’ असं कुणी म्हणालं की मान वर न करता विचारायचे, “आपनहून उडी मारली व्हय त्यानं? पावणं, पडला न्हाय, तुमी पाडलासा.” गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडंच यायचं.

राजारामपुरीत त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान खाली आणि आमचं घर वर. मी कागलच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दूध उतू का जातं, कुकर शिट्टी का देतो, असलं घरातलं विज्ञान लिहायला मी एक वेबसाइट काढली होती. शाळेत सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं, वाचलं मात्र कुणीच नाही. वाचलं ते अण्णांनी. मी जिना चढायला लागले की आतून हाक यायची, “बाई, कुकरचं वाचलं. रबराचं काय लिवलं न्हाईसा.” असा राग यायचा म्हणून सांगू! पण वर जाऊन मुकाट्यानं रबराचा परिच्छेद घालायची, कारण चूक माझीच असायची.

एवढे दुनियेचे स्मार्टफोन उघडणाऱ्या या माणसाच्या खिशात मात्र बटणांचा जुनाट फोन. विचारलं तर म्हणायचे, “दिवसभर लोकांचं हाताळतोय की, त्यात माझा आनी कशाला?” दुसऱ्याच्या फोनच्या बाबतीत तर त्यांचं सोवळंच होतं. एक गृहस्थ संशयानं काउंटरवर वाकून पाहत राहिले, तेव्हा अण्णा म्हणाले, “तुमच्या फोटूत माझं तोंड हाय काय? मग मी कशाला बघू?” दुरुस्ती झाली की इंटरनेट चालतंय का ते बघायचं आणि आपण जे उघडलं त्याची खूण पुसून टाकायची, हा त्यांचा नेम. “लोकांच्या फोनात आपला कचरा ठेवायचा न्हाय,” असं ते म्हणत.

एका दिवाळीत माझा धाकटा भाऊ संदीप आला. तो कंप्युटरमधला. त्यानं माझ्या साइटचा अहवाल उघडला आणि तोंड वाकडं केलं. “ताई, रोज पंचवीस-तीस माणसं येतात, पण सगळी नवी. एकदा आलेलं एकही परत येत नाही. आणि निम्मं वाचायच्या आत पळतात.” मला फार लागलं ते. तास चालू असताना वर्ग उठून जावा, तसं वाटलं. तिथल्या तिथं ठरवलं, हा खटाटोप बंद करायचा.

संदीप परत गेल्यावर, निदान अण्णांना सांगावं म्हणून खाली गेले. सांगता सांगता मनात आलं, अहो, हे तर रोज वाचतात, मग रोज येणारा एक तरी माणूस त्या अहवालात दिसायला नको का?

“तुम्ही वाचता तरी कुठं, अण्णा?”

“गिऱ्हाइकाच्या फोनवर की. नेट तपासाय काहीतरी उघडायलाच लागतंय, मग तुमचंच उघडतो. थोडं वाचून हुतंय तवर गिऱ्हाईक येतंय. उरलेलं फुडच्या फोनवर.” त्यांनी ड्रॉवर ओढून पावत्यांमागं लिहिलेल्या नोंदी दाखवल्या: ‘कुकर, वाफेपर्यंत.’ ‘दूध, साय झाली.’

संदीपला फोन लावला. तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, “ताई, तो आकडा माणसांचा नसतोच. प्रत्येक फोन म्हणजे एक माणूस, असं धरतात. आणि खूण पुसली की तोच फोनसुद्धा पुन्हा नवा.” म्हणजे अर्ध्यात पळालेली माझी तीस माणसं हा एकच माणूस होता, आणि त्यानं एकही लेख अर्धा सोडला नव्हता.

मी स्टुलावर बसले. हसावं की रडावं कळेना. “म्हणजे वाचक नाहीतच, अण्णा. तुम्ही एकटेच.”

अण्णांनी भिंग काढून ठेवलं. गिऱ्हाईक नसतानासुद्धा ते न काढणारा माणूस. “मी मानसात न्हाय व्हय, बाई? इस्त्रीचं अर्धं ऱ्हायलंय. ते कवा लिवताय?” त्या आठवड्यात मी इस्त्रीचा लेख पुरा केला.

गेल्या वर्षी त्यांची नजर गेली. आधी उजवा डोळा, मग डावा. लेक त्यांना गारगोटीला घेऊन गेली. जाताना त्यांनी हत्यारांची पेटी एका शेजाऱ्याला देऊन टाकली आणि ती खडखडलेली ऐकून, नीट धरता येत नाही म्हणून त्यालाही झापलं. मी जिन्यात उभी राहून रडले. महिन्याभरानं संदीपचा फोन आला, “ताई, साइट बंद पडलीय का? कुणी येईनाच.” मी म्हटलं, साइट चालू आहे, अण्णा गावाला गेलेत.

आता दर रविवारी मी त्यांना फोन लावते आणि नवा लेख वाचून दाखवते. ते मध्ये अडवतात, चुका काढतात, एखादं वाक्य परत वाचायला लावतात. सगळं ऐकून झालं की विचारतात, “आज कितीजन आलं, बाई?”

समोर अहवाल उघडा असतो. त्यात शून्य असतं.

“एक,” मी सांगते.

“मग फुडचं लिवा की,” अण्णा म्हणतात.