मुळशीतलं पेव

“मॅडम, दुष्काळ जरा आकर्षक करता येईल का?”

हा प्रश्न डायरेक्टरसाहेबांचा. मुळशी धरणाच्या कडेला त्यांचं रिसॉर्ट आहे. तिथे जुन्या मावळाचं एक छोटं म्युझियम उभं राहत होतं. मी पॅनेल लिहिते, म्हणजे म्युझियमच्या भिंतीवरचा मजकूर. त्यातली दुष्काळाची खोली माझ्या नवऱ्याच्या, श्रीधरच्या संशोधनावर होती. दोन वर्षं तो कोळवण खोऱ्यात जुने कागद आणि म्हातारी माणसं शोधत फिरला. काम संपायच्या आत, दिवाळीनंतर, गेला. वह्या माझ्याकडे आल्या. शेवटच्या पॅनेलवर त्याचं नाव लागणार होतं. खोलीतून बाहेर पडलं की थेट बुफे, ही कल्पना मात्र साहेबांची.

त्या दिवशी खोलीच्या मधोमध एक खड्डा होता. वर काच, आत दिवे, तळाला खरी ज्वारी.

“हे काय?”

“पेव! जमिनीखालचं कोठार. पूर्वी धान्य असंच ठेवायचे.”

“देशावर. तिथली जमीन कोरडी. इथे नाही.”

खड्डा खणणारे धोंडिबामामा कोळवणचेच. ते हसले. “हितं पेव? सायेब, हितल्या खड्ड्यात बेडकं ऱ्हात्यात, दाणं न्हाई.”

मी वही उघडली. मुळशीत भात कणगीत ठेवत. कणगी म्हणजे शेणामातीने लिंपलेली बांबूची उंच टोपली. तिच्यात जेमतेम वर्षाचं धान्य मावे. देशावर पेवातली ज्वारी काही वर्षं टिके. म्हणून एवढ्या पावसाच्या मुलखातसुद्धा, ऐन दाणा भरताना पाऊस दडला की एका हंगामात घर उपाशी. मग लोक बियाणं खात. बैल विकून टाकत. पुढच्या वर्षी पाऊस उत्तम पडे; पण पेरायला बी नाही, चिखलणीला बैल नाही आणि अर्धं गाव कोकणात उतरलेलं. जास्त माणसं मरत ती या चांगल्या पावसाच्या वर्षी.

“फारच छान,” साहेब म्हणाले. “पण कणगी लोकांना लाँड्री बास्केट वाटेल. खड्डा फोटोत येतो.”

“मग श्रीधरचं नाव काढा.”

“अहो, सरांचं नाव मोठं करू की! आणि खड्ड्याला वॉटरप्रूफिंग केलंय.”

“दुष्काळात नव्हतं.”

मी चूक लेखी कळवली आणि प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही केली नाही. साहेबांनी नाव वगळून पॅनेल छापलं आणि मेमध्ये उद्घाटन उरकलं. श्रीधरच्या नावावर चूक लागली नाही. पण त्याच्याच खोलीतून त्याला मी बाहेर काढलं, हेही खरंच होतं.

जुलैत फोन आला. “मॅडम, पेवात पाणी शिरलंय.”

“वरून?”

“खालून. डोंगरच झिरपतोय.”

मागून मामांचा आवाज आला, “ताई, ज्वारीला मोड आल्यात! बुफेत उसळ लावा म्हणावं!”

खड्डा बुजला. मामांनी ओळखीच्या बुरुडाकडून कणगी आणली. नवं प्रूफ आलं. त्यावर होतं ‘डॉ. श्रीधर’.

“तो डॉक्टर नव्हता,” मी म्हटलं.

“मॅडम, कोण विचारतंय?”

“तो विचारेल.”

साहेबांनी प्रूफ परत मागवलं. ‘डॉ.’ गेलं. मी सही केली.

तात्पर्य एवढंच, की क्लायंटला चूक लेखी कळवावी. काम मुळशीत असेल तर शिवाय जुलैपर्यंत थांबावं.