वाचलेलं गाव

नाशिकची सुनेत्रा देवधर परदेशात, वुडलँड्सला राहते. नवरा रुचिर, चौदा वर्षांची ऋचा आणि ती, असं तिघांचं घर. वीस वर्षं ती सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचं. ऑफिसात तिच्या स्मरणशक्तीचा दबदबा होता. दोन वर्षांपूर्वीची चूक कुठल्या स्क्रीनवर होती, हे ती न बघता सांगायची.

गेल्या वर्षी तिच्या मेंदूतली सुपारीएवढी गाठ काढली. गाठ साधी निघाली, ऑपरेशनही नीट झालं. काही आठवडे शब्द अडतील, नावं सापडायची नाहीत, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले. ती घाबरली नाही असंच सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात ती दिवसभर स्वतःची परीक्षा घेत बसायची. एमआरटी रेल्वेची स्टेशनं ओळीनं म्हण, शाळेतल्या बाईंची नावं आठव. एखादं नाव अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. रुचिरनं विचारलं तर मात्र मजेत आहे, एवढंच सांगायची.

ऑपरेशनला दोन महिने झाले होते, कामावर परतायला दहा दिवस उरले होते. वेळ जावा म्हणून तिनं ऋचाकडून लॅपटॉपवर एक जुना गेम उतरवून घेतला. एकोणिसाव्या वर्षी, नाशिकला, कावीळ होऊन घरात पडून असताना तिनं तो जवळजवळ पाठ केला होता. अणुयुद्धात जग संपलेलं, उरलीसुरली माणसं ओसाड मुलखात तग धरून राहिलेली. त्यातलंच एक माणूस आपण व्हायचं. कुणाला मदत करायची, कुणाशी लढायचं, हे आपणच ठरवायचं. त्यात विषारी विहिरीचं एक गाव होतं. ठरलेल्या दिवसांत पाणी शुद्ध करणारं यंत्र नेऊन दिलं नाही तर गाव संपायचं. सुनेत्राला लख्ख आठवत होतं, की आपल्याला तीन दिवस उशीर झाला होता, तरी गाव जिवंत होतं. निळ्या पदराची म्हातारी वेशीवर उभी होती.

ती खेळायला बसली. रस्ते आठवले, बोळ आठवले, कुठल्या पडक्या दवाखान्यात औषधं आहेत तेही आठवलं. तिला बरं वाटलं. मग मुद्दाम पूर्वीसारखीच वाकडी वाट घेऊन ती तीन दिवस उशिरा गावात शिरली. गाव रिकामं होतं. विहिरीभोवती सांगाडे पडले होते. तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. इंटरनेटवर जुन्या खेळाडूंनी लिहिलेलं वाचलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, दिवस उलटले की ते गाव वाचत नाही, कुणाचंच कधी वाचलेलं नाही.

तिनं लॅपटॉप मिटला. विसरणं तिनं एक वेळ पत्करलं असतं. पण न घडलेली गोष्ट इतकी स्पष्ट आठवत असेल, तर बाकीच्या आठवणींचा काय भरवसा? आई गेली तो दिवस, ऋचाचा जन्म, हे तरी आपल्याला आठवतं तसंच झालं होतं का? कामावर येऊ शकत नाही, अशी मेल तिनं ऑफिससाठी लिहून ठेवली. पाठवली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकहून धवलचा, तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो दर आठवड्याला करायचा. कशी आहेस विचारल्यावर नेहमीचं उत्तर द्यायला गेली आणि तिला ते जमलं नाही. तिनं सगळं सांगितलं, गावासकट.

"ताई, ते मी केलं होतं," धवल म्हणाला.

"काय केलं होतंस?"

"तुला उशीर झाला म्हणून तू रडत होतीस. गावात जायलाच तयार नव्हतीस. बाबा तुला रक्त तपासायला घेऊन गेले, तेव्हा मी तुझी सेव्ह केलेली फाइल उघडली आणि गावाचे दिवस वाढवून ठेवले. कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी शिकवलं होतं. परत येऊन तू आत गेलीस, तर गाव जिवंत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्या दिवशी तू पंधरा दिवसांनी पोटभर जेवलीस. मग राहूनच गेलं."

सुनेत्रानं त्याला म्हातारीचा पदर कुठल्या रंगाचा होता ते विचारलं. तो म्हणाला, मला काहीच आठवत नाही, गावाचं नावसुद्धा नाही. तिनं त्याला नाव सांगितलं. मग तिला हुंदका आला आणि त्यातच हसूही आलं. पलीकडे धवल पुन्हा पुन्हा माफी मागत होता, आणि ती म्हणत होती, "अरे, थांब. मला बरोबर आठवत होतं."

फोन ठेवून ती सोफ्यावर आडवी झाली. ऋचा शाळेतून आली तरी तिला जाग आली नाही.

संध्याकाळी रुचिर आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं, दोन महिने मनात धरलेली भीतीसुद्धा. तो रागावला नाही, पण त्याचे डोळे भरून आले. एवढं एकटीनं का सोसलंस, असं त्यानं विचारलं. मग तिघं खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलवर जेवायला गेली. रांगेत उभी असताना सुनेत्रानं फोनवरून ती मेल पुसून टाकली आणि सोमवारी येते, असं साहेबांना कळवलं.